‘दिसलं नाही’ आणि ‘विचारलं नाही’ : एका मित्राबद्दल, आणि कंट्रोल ग्रुपबद्दल

मागच्या दोन लेखांत आपण सॅम्पल कसं निवडायचं ते पाहिलं. पुढचा लेख कंट्रोल ग्रुपवर, असं मी म्हटलं होतं. आजचा लेख त्यावरच आहे, पण उदाहरण पुस्तकातलं नाही. उदाहरण माझ्या एका मित्राचं आहे, आणि खरं सांगायचं तर माझंही आहे.

दोन वर्षांपूर्वी, पावसाळा संपता संपता, तो गेला. आत्महत्येने. त्याला डिप्रेशन होतं. उपचार चालू होते, आणि मधले कितीतरी महिने अगदी छान गेले होते. त्याचं नाव मी इथे लिहीत नाहीये. लिहायला बसण्याआधी त्याच्या आईला फोन केला होता. काकू म्हणाल्या, “नाव नको लिहूस बाळा. पण तो कसा होता ते लिही. लोक फक्त कसा गेला तेवढंच विचारतात.”

म्हणून आधी तो कसा होता ते सांगते. कसा गेला, हे या लेखात कुठेही येणार नाही. त्याला संशोधनाचाही आधार आहे. अशा बातम्या ठळकपणे छापून आल्यावर आत्महत्यांचं प्रमाण वाढतं, हे डेव्हिड फिलिप्स या समाजशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये आकडेवारीतून दाखवलं होतं. तेव्हापासून लिहिणाऱ्यांनी तपशील टाळावेत असं सांगितलं जातं. तुम्हालाही वाचता वाचता जड वाटलं तर इथेच थांबा. लेख कुठे पळून जात नाही.

तो

तो वनस्पतीशास्त्रात पीएचडी करत होता. विषय होता कोकणातल्या सड्यांवरच्या छोट्या वनस्पती. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. मे महिन्यात गेलात तर तव्यासारखं तापलेलं, काळं, ओसाड. ‘इथे काय अभ्यास करणार?’ असं वाटावं. आणि पाऊस पडला की तिथेच गेंद, कवला, सीतेची आसवं. काही झाडं एवढीशी की भिंग घेऊन ओल्या दगडावर पालथं पडल्याशिवाय दिसत नाहीत. हा तसाच पडून राहायचा, पाठीवर पाऊस घेत. वहीत पेन्सिलीने लिहायचा, कारण पावसात शाई पसरते. त्याच्या वह्यांना चिखलाचा आणि बिस्किटांचा असा एकत्र वास यायचा.

मी संख्याशास्त्रातली. आमची ओळख त्याच्या एक्सेल शीटमुळे झाली. एका कॉलममध्ये मी रिकाम्या जागांवर सरळ शून्य भरलं. तो जवळजवळ ओरडलाच. “अगं, शून्य काय भरतेस? मला आढळलं नाही म्हणजे तिथे नव्हतं, असं कुणी सांगितलं तुला?”

ही गोष्ट त्याने मला शिकवली, संख्याशास्त्राच्या वर्गाने नव्हे. समजा एक झाड चौकटीत खरोखर आहे, पण एका भेटीत ते दिसण्याची शक्यता निम्मीच आहे. मग एकदाच जाऊन ‘नाही’ लिहिलंत तर निम्म्या वेळा तुम्ही चुकाल. त्याच चौकटीत चारदा गेलात, तर चारही वेळा निसटण्याची शक्यता सोळात एक, म्हणजे साधारण ६ टक्के. म्हणून तो एकेका सड्यावर परत परत जायचा. पेट्रोलचा खर्च स्वतःच्या खिशातून, कारण फेलोशिप महिनोन् महिने यायची नाही.

त्याची आणखी एक सवय होती. हॉस्टेलवर कुणाचंही प्रकरण, सिनॉप्सिस, पोस्टर दिसलं की वाचायला घ्यायचा आणि समासात पेन्सिलीने एकच शब्द लिहायचा : ‘कशावरून?’ माझ्या पहिल्या प्रकरणात असे एकतीस ‘कशावरून?’ होते. मी मोजले होते. चिडले होते. त्यातल्या सव्वीस ठिकाणी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

माझी सतरा चिन्हं

तो गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात मी एक यादी केली. आमचं चॅट, फोनचे कॉल, कॅन्टीनमधल्या आठवणी, सगळं उकरून काढलं. मला एकच गोष्ट शोधायची होती : मला कळायला हवं होतं, ते कशावरून कळायला हवं होतं?

सतरा चिन्हं निघाली. रात्री तीनला ऑनलाइन असायचा. कॅरम खेळायला येणं बंद केलं होतं. ‘पुढच्या सीझनला कुठले सडे?’ यावर ‘बघू’ म्हणाला होता. जेवण अर्धं टाकलं. घरी जायचं पुढे ढकललं. आपली पाठीवरची सॅक एका ज्युनियरला देऊन टाकली. गाईडसमोर सेमिनारमध्ये गप्प बसला. शेवटच्या आठवड्यात खूप हसत होता.

यादी पूर्ण झाल्यावर वाटलं, एवढं सगळं समोर होतं आणि मी आंधळी होते. जवळजवळ वर्षभर मी ती यादी घेऊन फिरत होते. तुमच्यापैकी कुणी असं जवळचं माणूस गमावलं असेल, तर तुमच्याकडेही अशी यादी असेल. वहीत नसेल, डोक्यात असेल.

एके दिवशी थीसिसचं काम करताना जुनं प्रकरण उघडलं, आणि समासातला ‘कशावरून?’ दिसला. तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की ही यादी म्हणजे डेटा आहे. आणि मी तो ज्या पद्धतीने गोळा केला, तशा पद्धतीने कुणी माझ्याकडे आणून दिला असता तर मी परत पाठवला असता.

का, ते बघू.

पहिली चूक : उत्तर माहीत असताना प्रश्नपत्रिका सोडवणं

बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाचा १९७५ चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. त्याने लोकांना १८१४ च्या इंग्रज आणि गुरखे यांच्यातल्या युद्धाची माहिती वाचायला दिली. युद्धाचे चार शेवट शक्य होते : इंग्रज जिंकले, गुरखे जिंकले, तह न होता कोंडी झाली, किंवा तह होऊन कोंडी झाली. एका गटाला शेवट सांगितलाच नाही. बाकी गटांना यातला एकेक शेवट ‘हाच खरा’ म्हणून सांगितला. मग विचारलं, आता ही माहिती वाचून प्रत्येक शेवटाची शक्यता किती वाटते?

ज्याला जो शेवट सांगितला होता, त्याला तोच जास्त शक्य वाटला. ‘शेवट माहीत नसता तर काय वाटलं असतं?’ असं विचारलं तरी लोकांना आपल्या डोक्यातलं उत्तर बाजूला काढता येत नव्हतं. शिवाय माहितीतल्या कोणत्या गोष्टी महत्त्वाच्या, हेही सांगितलेल्या शेवटानुसार बदलत होतं. मजकूर तोच होता, चिन्हं मात्र प्रत्येकाला वेगळी दिसत होती.

याला हाइंडसाइट बायस म्हणतात. मराठीत आपण म्हणतो ना, मागाहून सुचलेलं शहाणपण. फरक एवढाच की आपल्याला ते मागाहून सुचलंय हेच कळत नाही. आधीपासून आपल्यापाशी होतं असं वाटतं.

माझ्या यादीत ‘सेमिनारमध्ये गप्प बसला’ हे चिन्ह होतं, आणि ‘खूप हसत होता’ हेही होतं. गप्प असला तरी चिन्ह, हसला तरी चिन्ह. जी कसोटी कुठल्याही निरीक्षणाने पास होते, ती कसोटीच नाही. तुमच्या व्हायव्हात कुणी हे विचारलं तर उत्तर लक्षात ठेवा.

दुसरी चूक : कंट्रोल ग्रुपच नाही

आता मूळ विषय. मी सतरा चिन्हं काढली ती फक्त त्याच्या आयुष्यातून. जे जिवंत आहेत, त्यांच्या आयुष्यात ही चिन्हं किती आहेत, ते पाहिलंच नव्हतं.

मग पाहिलं. तीच यादी घेतली आणि प्रामाणिकपणे स्वतःला लावली. सतरापैकी अकरा. रात्री तीनला ऑनलाइन? मी रोज असायचे, कोड चालत नव्हता म्हणून. जेवण अर्धं टाकणं? आमच्या मेसचं जेवण जेवलेल्याला हा प्रश्न विचारू नका. ‘बघू’? पीएचडीच्या चौथ्या वर्षात लग्नापासून सबमिशनपर्यंत सगळ्याचं उत्तर ‘बघू’च असतं. माझ्या ओळखीच्या पाचसहा जणांबद्दलही विचार केला, आणि प्रत्येकात निदान सात-आठ चिन्हं निघाली.

म्हणजे ती चिन्हं खोटी होती असं नाही. त्यातली काही खरोखर आजाराची असणार. पण त्या चिन्हांवरून तो आणि आम्ही बाकीचे वेगळे ओळखू येत नव्हतो. चिन्ह असणं पुरेसं नसतं. ते चिन्ह एका गटात जास्त आणि दुसऱ्यात कमी असावं लागतं, आणि हे दुसरा गट घेतल्याशिवाय कळत नाही.

या क्षेत्रातले संशोधक नेमकं हेच करतात. गेलेल्या माणसाला प्रश्नावली देता येत नाही. म्हणून १९५० च्या दशकाच्या शेवटी लॉस एंजेलिसमध्ये एडविन श्नाइडमन, नॉर्मन फारबरो आणि रॉबर्ट लिटमन यांनी एक पद्धत उभी केली : घरच्यांशी, मित्रांशी, डॉक्टरांशी सविस्तर बोलायचं, कागदपत्रं पाहायची आणि त्या माणसाची शेवटच्या काळातली मनःस्थिती जुळवत जायची. तिला सायकॉलॉजिकल ऑटोप्सी म्हणतात. आपण म्हणू, मनाचं शवविच्छेदन. शब्द ऐकायला कठोर आहे, पण काम फार हळुवारपणे करावं लागतं.

अडचण तुमच्या लक्षात आलीच असेल. माहिती देणारे सगळे माझ्यासारखेच. शेवट माहीत असलेले, दुःखात असलेले, आपापली यादी घेऊन बसलेले. त्यावर पूर्ण इलाज नाही, पण अर्धा इलाज कंट्रोल ग्रुप हा आहे. चेन्नईत लक्ष्मी विजयकुमार आणि एस. राजकुमार यांनी असा अभ्यास केला, तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. आत्महत्येने गेलेल्या १०० व्यक्ती आणि तुलनेसाठी १०० जिवंत व्यक्ती. दोन्ही गट शेजारी ठेवल्यावर ज्या गोष्टी वेगळ्या उठून दिसल्या, त्यांत मानसिक आजार, कुटुंबातला मानसिक आजाराचा इतिहास आणि नुकत्याच घडलेल्या ताणाच्या घटना होत्या. म्हणजे ‘गाईड ओरडला म्हणून’ किंवा ‘प्रेमभंग झाला म्हणून’ अशी एका ओळीची कारणं आपण चहाच्या टपरीवर देतो, तसं ते नसतं. आजार असतो, त्यावर प्रसंग येऊन आदळतो, आणि त्या वेळी हाताशी कोण असतं, काय असतं, यानेही फरक पडतो.

तिसरी चूक : दुर्मीळ गोष्टीचा अंदाज

‘पण तज्ज्ञाला तरी कळलं असतं ना?’ हा प्रश्न काकूंनी मला विचारला होता. त्याच्या डॉक्टरांबद्दल.

आधी थोडं गणित. आकडे मी कल्पनेने घेतेय. समजा १०,००० माणसांपैकी वर्षभरात १० जण जाणार आहेत. माझ्याकडे एक उत्तम चाचणी आहे. धोक्यातल्या दहापैकी ९ जणांना ती पकडते, आणि धोक्यात नसलेल्यांपैकी ९० टक्क्यांना बरोबर ‘नाही’ म्हणते. वाटतं, झालं काम. पण उरलेल्या ९,९९० मधले १० टक्के, म्हणजे ९९९ लोक, चुकून ‘धोक्यात’ ठरतात. एकूण १,००८ जणांवर शिक्का, त्यातले खरे ९. शंभरात एकसुद्धा नाही. आणि एवढी चांगली चाचणी अजून कुणाकडेच नाही.

हे फक्त कागदावरचं नाही. अमेरिकेत अ‍ॅलेक्स पोकोर्नी यांनी ४,८०० मनोरुग्णांवर ठेवलेल्या लक्षाचे निष्कर्ष १९८३ मध्ये छापले. त्यातले ६७ जण आत्महत्येने गेले. उपलब्ध सगळी माहिती वापरूनही धोका आधी ओळखण्याचा प्रयत्न फसला. ज्यांच्यावर शिक्का बसला त्यातले बहुतेक सुखरूप होते, आणि जे गेले त्यातले बरेच यादीत नव्हतेच. पुढे २०१७ मध्ये जोसेफ फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी ५० वर्षांतले ३६५ अभ्यास एकत्र करून पाहिले. निष्कर्ष असा की एकेकटे धोक्याचे घटक घेऊन केलेला अंदाज नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम बरा ठरतो, आणि पन्नास वर्षांत तो फारसा सुधारलेला नाही.

हे मी काकूंना सोप्या शब्दांत सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे मी आई असून मला कळलं नाही, असं नाही ना?” नाही काकू, तसं नाही. मोठमोठ्या अभ्यासांनाही ते कळलेलं नाही.

पण इथे थांबले तर मी खोटी ठरेन

इथपर्यंतचं सगळं खरं आहे, आणि मला त्याने धीर दिला. पण त्याने हा लेख वाचला असता तर या जागी समासात पेन्सिल टेकवली असती. कारण ‘मला ओळखता आलं नाही’ हे एक वाक्य आहे आणि ‘मी विचारलं नाही’ हे दुसरं. पहिल्यावर हाइंडसाइट बायस लागू होतो. दुसऱ्यावर नाही. मी विचारलं नाही, ही नोंद आहे, अंदाज नाही.

त्या ऑगस्टमध्ये एकदा तो म्हणाला होता, “झोप येत नाही गं. रात्र फार मोठी वाटते.” त्याला आजार आहे हे मला माहीत होतं. मी म्हटलं, “संध्याकाळनंतर चहा बंद कर.” तो हसला. मग आम्ही त्याच्या डेटाबद्दल बोललो.

मी सरळ का विचारलं नाही? भीती होती. असं काही विचारलं तर नसलेला विचार त्याच्या डोक्यात घालू, असं वाटलं. ही भीती जवळजवळ सगळ्यांनाच असते. पण ही तपासून पाहता येण्यासारखी गोष्ट आहे, आणि तपासलीही गेली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या शाळांमधल्या २,३४२ विद्यार्थ्यांवर मॅडलिन गूल्ड आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींच्या प्रश्नावलीत आत्महत्येच्या विचारांबद्दल प्रश्न होते, काहींच्यात नव्हते. दोन दिवसांनी दोन्ही गटांची तुलना केली. प्रश्न विचारल्यामुळे त्रास वाढला नाही, विचारही वाढले नाहीत. जे आधीपासून निराशेत होते, त्यांच्यात तर विचारलेल्यांचा त्रास थोडा कमीच आढळला.

म्हणजे विचारता येतं. “तुला जीव नकोसा होतो का? मरणाचे विचार येतात का?” असं, याच शब्दांत. आणि उत्तर ‘हो’ आलं तर भाषण द्यायचं नाही. ऐकायचं, एकटं सोडायचं नाही, आणि डॉक्टरपर्यंत सोबत जायचं.

आणि उत्तर ‘नाही, ठीक आहे’ आलं तर? तर सडा आठवायचा. एका भेटीत आढळलं नाही म्हणजे नव्हतं असं नाही. परत जायचं, परत विचारायचं. (संख्याशास्त्रवाल्यांसाठी : हो, एकाच माणसाची चार उत्तरं स्वतंत्र नसतात, त्यामुळे ६ टक्क्यांचं गणित इथे जसंच्या तसं लागू नाही. ही फक्त उपमा आहे.)

परत परत जाण्याने काही होतं का, यावरही काम झालं आहे. जेरोम मोटो आणि अ‍ॅलन बॉस्ट्रम यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या ८४३ रुग्णांना घेतलं. हे सगळे दवाखान्यातून घरी गेल्यावर पुढचे उपचार नाकारलेले होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला पाच वर्षांत एकूण २४ छोटी पत्रं पाठवली. पत्रात सल्ला नाही, मागणी नाही. फक्त तुमची आठवण आहे, कधी वाटलं तर कळवा, एवढंच. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्या गटात आत्महत्या स्पष्टपणे कमी होत्या. नंतर इतरांनी केलेल्या तशा प्रयोगांचे निकाल मात्र संमिश्र आहेत, त्यामुळे पत्र म्हणजे रामबाण असं म्हणता येणार नाही. तरी चार ओळी आणि एक तिकीट, एवढ्या खर्चात असा परिणाम दिसणं ही लहान गोष्ट नाही.

मी विचारलं असतं तर तो वाचला असता का? माहीत नाही. हे तपासायला दुसरा तो आणि दुसरा ऑगस्ट लागेल. एका माणसाच्या आयुष्यात कंट्रोल ग्रुप नसतो. या वाक्यापाशी मी दोन वर्षांनी पोचले. इथून पुढे जायला रस्ता नाही, पण इथे उभं राहता येतं.

तुम्ही या क्षेत्रात येताय म्हणून

तुम्ही पेट, नेट, इंटरव्ह्यूची तयारी करताय. तुम्हाला घाबरवायचं नाही, पण दोन अभ्यास माहीत असावेत.

बेल्जियममधल्या फ्लँडर्स भागात काटिया लेव्हेक आणि सहकाऱ्यांनी ३,६५९ पीएचडी विद्यार्थ्यांचा अभ्यास २०१७ मध्ये छापला. ३२ टक्क्यांना मानसिक आजाराचा, विशेषतः डिप्रेशनचा, धोका असल्याचं दिसलं. तुलनेसाठी घेतलेल्या इतर सुशिक्षित गटांपेक्षा हे प्रमाण जास्त होतं. कामाचा ताण, घर आणि काम यांची ओढाताण, गाईडची वागण्याची पद्धत, यांचा त्याच्याशी संबंध आढळला.

दुसरा २०१८ चा. २६ देशांतले २,२७९ विद्यार्थी, त्यातल्या ३९ टक्क्यांत मध्यम ते तीव्र डिप्रेशनची लक्षणं. हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. पण ‘कशावरून?’ विचारा. ही प्रश्नावली ईमेल आणि सोशल मीडियावरून फिरली होती. ज्यांना त्रास होतोय ते अशी प्रश्नावली भरायला जास्त उत्सुक असणार. शिवाय प्रश्नावलीतली लक्षणं म्हणजे डॉक्टरांचं निदान नव्हे. म्हणून ३९ हा आकडा जपून वापरा. फ्लँडर्सच्या अभ्यासात प्रातिनिधिक सॅम्पल आणि तुलनेचे गट होते, त्याला जास्त वजन द्या. आपल्याकडचा मोठा अभ्यास म्हणजे २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण. ते १२ राज्यांत झालं, त्यात महाराष्ट्र नव्हता. संशोधनासाठी विषय शोधत असाल तर ही मोकळी जागा बघा.

आता व्यवहाराचं. गाईड निवडताना त्यांचे पेपर बघता, तसं त्यांच्या विद्यार्थ्यांना एकट्यात गाठून विचारा, सर कसे वागतात, किती जण अर्ध्यात सोडून गेले. फेलोशिप वेळेवर येत नाही हे गृहीत धरून घरच्यांशी आधी बोला. आठवड्यातून एकदा तरी प्रयोगशाळेबाहेरच्या माणसासोबत जेवा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त झोप, भूक, कामात लक्ष, कशातच रस वाटणं असं सगळं बिघडलेलं राहिलं, तर त्याला आळस म्हणू नका, डॉक्टरांना भेटा. डिप्रेशनवर उपचार आहेत, आणि बहुतेकांना त्यांचा उपयोग होतो.

सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत, मराठीतूनही चालते. स्वतःसाठी करा किंवा मित्राचं काय करू हे विचारायला करा. मित्राने काही केलं तर पोलिसांत जाईल, या भीतीने लपवू नका. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा अशा माणसाला तीव्र तणावाखाली असल्याचं धरून चालतो, आणि त्याची काळजी व उपचार ही सरकारची जबाबदारी मानतो.

मित्राला सुतक नसतं

शेवटी एक गोष्ट, ज्यांनी मित्र गमावलाय त्यांच्यासाठी. तो गेल्यावर चौथ्या दिवशी माझा प्रोग्रेस रिपोर्ट होता. मी दिला. मित्राला सुतक नसतं, मित्रासाठी रजा नसते, अर्जात ‘नातं’ या रकान्यात लिहायला काही नसतं. केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखाला नाव दिलं : समाजाने हक्क न दिलेलं दुःख. नाव मिळाल्यावर दुःख कमी झालं नाही, पण ते वेडेपणाचं नाही एवढं कळलं.

त्याच्या वह्या काकूंनी मला दिल्या. मागच्या पावसाळ्यात मी आणि त्याचा एक ज्युनियर त्याच्या सड्यावर गेलो, त्यानेच दिलेली सॅक पाठीला लावून. पालथं पडून शोधलं. त्याने एका चौकटीपुढे तीन भेटींत ‘आढळली नाही’ लिहिलं होतं. चौथ्या भेटीची जागा रिकामी होती. आम्हाला तिथे सीतेची आसवं सापडली, निळसर, नखाएवढी. ज्युनियरने पेन्सिलीने तारीख टाकली आणि लिहिलं, ‘आढळली’.

यादी मी अजून फाडलेली नाही. तिच्या समासात मात्र सतरा वेळा ‘कशावरून?’ लिहिलंय. आणि खाली अठरावी ओळ : ‘झोप येत नाही म्हणाला, मी विचारलं नाही.’ तिच्यापुढे काहीच लिहिलेलं नाही.

लेख वाचून झाला असेल तर एक काम करा. ज्याची आठवण मधेच कुठेतरी आली असेल, त्याला फोन लावा. ‘बघू’ म्हणाला तर पुढच्या आठवड्यात परत लावा.